पद्मिनीची डागडुजी

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आजही काही घरांत जिवापाड जपली जाते. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर. सारं साधं, म्हणूनच दुरुस्त होणारं.

उन्हाळ्यात ती घाटात बंद पडली, तरी जुना मालक घाबरत नाही. पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकलेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवून तो थांबतो.

आतल्या कामाला मात्र सबुरी लागते. फाटक्या रेक्झिनवर नुसतं कव्हर चढवणं त्याला पटत नाही. आधी सीटच्या स्प्रिंगा तपासायच्या, गंज घासायचा, मग जुन्या मापानं नवं रेक्झिन शिवायचं. दाराचं पॅनेल फुगलं, तर दाराच्या तळाची, पाणी बाहेर जाण्यासाठीची तुंबलेली भोकं मोकळी करायची. नाहीतर पॅनेलचा नवा पुठ्ठाही पावसाळ्यात भिजणारच.

जुनी गाडी हाती घेणाऱ्यांनी आधी पाणी कुठून शिरतं ते शोधावं. रंगरूपाचं नंतर पाहावं.