विमानातला उंट कोण बांधतो?

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मकतबमध्ये ऐकलेली, जुम्याच्या बयानात ऐकलेली, आणि हल्ली कोणी प्रवासाला निघाले की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिरव्या चौकटीत येणारी. या शिकवणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. उंट आपला असतो, दोरी आपल्या हातात असते आणि गाठ आपल्यालाच मारायची असते. विमानात यातले काहीच आपल्याकडे नसते.

आणि विमानाशिवाय आपले चालत नाही. मिरकरवाडा, राजिवडा, कर्ला, साखरतर, वर दापोली-मंडणगड, खाली राजापूर, कुठल्याही मोहल्ल्यात जा, आखातात कोणीच नाही असे घर शोधावे लागेल. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा ही नावे आपल्या बायकांच्या बोलण्यात चिपळूण-संगमेश्वरसारखी येतात. रात्रीची बस किंवा कोकण रेल्वे पकडून मुंबई गाठायची, तिथून विमान. त्यात उमरा आणि हज वेगळेच. दरवाजात ‘फी अमानिल्लाह’ म्हणून निरोप द्यायचा आणि ‘पोहोचलो’ असा मेसेज येईपर्यंत फोन उशाशी ठेवायचा. एसटीचा टायर निदान वाकून बघता तरी येतो. विमानाचे काय बघणार?

आपल्या आजोबांच्या पिढीचे तसे नव्हते. कोकणातले कितीतरी मुसलमान ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. कोणी सारंग झाला, कोणी टिंडल, कोणी इंजिनरूममध्ये तेलवाला, कोणी भट्टीत कोळसा लोटणारा आगवाला. आगवाल्याला आग काय करते ते कळत असे, कुठला पाइप तापतो, कुठून वाफ निसटते ते कानाने ओळखता येत असे. मुंबईहून जेद्दाला हाजींना नेणारी जहाजे १९९५मध्ये बंद झाली, तोवर समुद्र आणि जहाज आपल्या ओळखीचे होते. आता जे वाहन आपल्याला नेते त्याच्या पोटात काय आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

पोटात काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. विमानाचे इंधन, म्हणजे एक प्रकारचे रॉकेलच, मुख्यतः पंखांमधल्या टाक्यांत असते. तिथून ते नळ्यांमधून इंजिनापर्यंत जाते. इंजिनात ते मोठ्या दाबाने बारीक फवाऱ्यासारखे सोडले जाते आणि तिथे ते जळते. आग ही तिथे रोजची, ठरलेली गोष्ट आहे. ती फक्त ठरलेल्या जागेत राहिली पाहिजे. नळीला चीर गेली, जोड ढिला झाला, तर तेच इंधन इंजिनाच्या बाहेरच्या तापलेल्या भागावर पडते. घरातल्या शेगडीत ज्योत बर्नरवर असते तोवर स्वयंपाक, नळीवर आली की अनर्थ. हे आपल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही. म्हणून तर गॅसची ती नारिंगी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते.

आपल्याच मुंबईत हे एकदा घडले आहे. १२ ऑक्टोबर १९७६. सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान मद्रासला निघाले. कॅराव्हेलची दोन्ही इंजिने शेपटीजवळ असत. उड्डाणानंतर लगेच एका इंजिनातल्या कंप्रेसरची एक चकती फुटली. त्या चकतीला धातूच्या थकव्याने तडा गेलेला होता. लोखंडाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की एके ठिकाणी ती मोडते, तसाच हा थकवा. फुटलेल्या चकतीने इंजिनाचे कवच फाडले आणि इंधनाच्या नळ्या कापल्या गेल्या. इंधन गळले, पेटले. आगीत हायड्रॉलिक तेल संपले, त्यामुळे विमानाचे नाक वर-खाली करण्याची ताकद वैमानिकाच्या हातातून गेली. विमान परत फिरले होते, पण धावपट्टी गाठण्याआधी कोसळले. विमानातले ९५च्या ९५ जण गेले. त्यांत मल्याळी चित्रपटांतली नटी राणी चंद्राही होती. या विमानाचा फ्लाइट क्रमांक होता १७१.

हा आकडा वाचून अनेकांच्या अंगावर काटा येईल. त्याच्याकडे मी येणार आहे. पण मला त्या योगायोगापेक्षा त्या चकतीतला तडा महत्त्वाचा वाटतो. असा तडा एका रात्रीत पडत नाही. तो केसाएवढा सुरू होतो आणि उड्डाणागणिक वाढतो. म्हणजे तो सापडू शकतो, कोणी शोधला तर. विमानाच्या सुरक्षेची सगळी इमारत या ‘शोधला तर’वर उभी आहे.

आज हे शोधण्याची सक्ती करणारा एक कागद असतो, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. एखाद्या जातीच्या विमानात धोकादायक दोष असल्याचे दिसले की अमेरिकेची एफएए, युरोपची ईएएसए किंवा आपली डीजीसीए असा आदेश काढते. अमुक भाग, अमुक मुदतीत तपासा, नाहीतर ते विमान उडवता येणार नाही. (भाषेच्या मास्तराला राहवत नाही म्हणून सांगतो, सक्ती हा शब्द फारसीतल्या सख्तीवरून आला आणि तपासही अरबीतून. ज्या ‘सक्तीच्या तपासणी’बद्दल आपण बोलतो आहोत, ती मराठीत येतानाच आपल्या बोलीतून आलेली आहे.)

दोन उदाहरणे देतो. एअर इंडियाला पहिले ड्रीमलायनर सप्टेंबर २०१२मध्ये मिळाले. त्याच वर्षी ५ डिसेंबरला एफएएने सगळ्या ड्रीमलायनरसाठी आदेश काढला. दोन विमानांत इंधनगळती दिसली होती आणि इंजिनाकडे जाणाऱ्या इंधननळ्यांचे जोड नीट बसवलेले नव्हते. त्या जोडांवर एक बारीक तार पिळून बसवतात, तिला लॉकवायर म्हणतात. जोड हादऱ्यांनी फिरून सुटू नये एवढेच तिचे काम. ती तार जागेवर आहे ना, जोड नीट बसले आहेत ना, हे तपासायला कंपन्यांना दिवस मोजून मुदत दिली. शेकडो कोटींचे विमान आणि प्रश्न तारेच्या एका पिळाचा.

दुसरे अगदी अलीकडचे. २ सप्टेंबर २०२४ रोजी कॅथे पॅसिफिकचे एअरबस ए-३५० हाँगकाँगहून झुरिकला निघाले आणि एका इंजिनात आग लागल्याचा इशारा आला. वैमानिकांनी आग विझवली, विमान सुखरूप परत आणले, कोणाला इजा नाही. पाहिले तर इंजिनातली इंधनाची एक लवचीक नळी, जिच्यावर पोलादी तारांची जाळी असते, ती फाटली होती. कंपनीने आपली सगळी ४८ ए-३५० विमाने तपासली, त्यांतल्या १५ विमानांत नळ्या बदलाव्या लागल्या. आणि ५ सप्टेंबरला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, ईएएसएने तातडीचा आदेश काढून या नळ्यांची तपासणी सक्तीची केली. १५ विमाने! आकडा पुन्हा वाचावा. पहिली नळी फाटली नसती तर बाकीच्यांकडे कोणी वाकून पाहिले असते का?

आता दुसऱ्या १७१बद्दल. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ड्रीमलायनर कोसळले. विमानातल्या २४२पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल १२ जुलैला आला. त्यात आहे की उड्डाण होताच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकामागोमाग ‘बंद’कडे गेले. ते कसे गेले, यावर टीव्हीवर रात्रभर निकाल लागले. वैमानिक गेलेले आहेत, त्यांच्यावर न सिद्ध झालेला इल्जाम ठेवणे मला गैर वाटते. मला त्या अहवालातला दुसरा परिच्छेद अस्वस्थ करतो. डिसेंबर २०१८मध्ये एफएएने एक पत्रक काढले होते. काही बोइंग विमानांत इंधनाच्या स्विचची खाचेत अडकून राहण्याची सोय निकामी असल्याचे दिसले आहे, तेव्हा तपासून घ्यावे. ड्रीमलायनरचाही त्यात उल्लेख होता. पण ते पत्रक सल्ला होते, आदेश नव्हता. म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती.

यात नियम मोडला गेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. एफएएच्या मते तो दोष सक्ती करण्याइतका धोकादायक नव्हता. १४ जुलैला डीजीसीएने हीच तपासणी सक्तीची केली, २१ जुलैपर्यंत मुदत दिली, आणि एअर इंडियाने ती पूर्ण करून कुठेही दोष सापडला नसल्याचे जाहीर केले. म्हणजे तपासणी न झाल्यामुळे अपघात झाला असे म्हणता येत नाही. पण साडेसहा वर्षे जे काम झाले नाही, ते सक्ती होताच आठवडाभरात झाले. एवढे मात्र म्हणता येते.

आपल्या फिक्हमध्ये मुस्तहब आणि फर्ज यांतला फरक मदरशातला दहा वर्षांचा पोरगाही सांगेल. मुस्तहब केले तर सवाब, सोडले तर गुनाह नाही. फर्ज सोडता येत नाही. २०१८चे पत्रक मुस्तहब होते. उपमा फार ताणणार नाही, पण एक फरक सांगतो. माणूस मुस्तहब सोडतो तेव्हा तोटा त्याचा स्वतःचा असतो. कंपनी सल्ला सोडते तेव्हा तोटा तिकीट काढलेल्या माणसाचा असतो, ज्याला असा काही सल्ला होता हेही माहीत नसते. शिवाय जमिनीवर उभे असलेले विमान पैसे कमावत नाही. एकीने स्वतःहून थांबून तपासले आणि दुसरीने नाही, तर भाडे दुसरीचे स्वस्त होते आणि आपण सगळे, मीही, स्वस्त तिकीटच काढतो. सक्ती झाली की सगळ्यांना थांबावेच लागते. म्हणून इंधन आणि आग यांचा संबंध असेल तिथे नुसता सल्ला पुरेसा मानू नये असे माझे मत आहे. असे सल्ले आपल्या विमानांपुरते सक्तीचे करायला डीजीसीएला कोणी अडवलेले नव्हते.

याहून नेमका शब्द फर्ज-ए-किफाया. जनाज्याची नमाज काहींनी अदा केली की सगळ्या वस्तीची जबाबदारी उतरते, कोणीच केली नाही तर सगळी वस्ती जबाबदार. रात्री दोन वाजता विजेरी घेऊन इंजिनाखाली उभा असलेला मेकॅनिक आपल्या सगळ्यांच्या वतीने उंट बांधत असतो. त्याला कोणी घाई करता कामा नये.

घाई केली की काय होते, ते जेद्दाने पाहिले आहे. ११ जुलै १९९१ला नायजेरियाच्या हाजींना घेऊन जेद्दाहून घरी निघालेले डीसी-८ विमान पेटले आणि २६१ जण गेले. तिथे इंधनाची नळी नव्हती, टायर होते. टायरमध्ये हवा कमी होती. धावपट्टीवर ते तापले, पेटले आणि चाके आत घेताच आग विमानाच्या पोटात शिरली. हवा कमी आहे हे मेकॅनिकना आधीपासून माहीत होते. नायट्रोजन मिळत नव्हता, वेळापत्रक मागे पडले होते आणि वरिष्ठाला उशीर नको होता. फर्ज होते, कागदही होते, आणि कागदावरचा हवेचा आकडा खोटा होता. एवढे बोलणारा मी, या गोष्टीपुढे सक्तीची बाजू घेताना अडखळतो. आदेश नळीपर्यंत पोहोचवतो तो शेवटी एक पगारी माणूस, आणि त्याच्या ‘नाही, हे उडणार नाही’ला कंपनीत वजन असले तरच आदेशाला अर्थ.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण एक दोरी आपल्याही हातात असते. २६ नोव्हेंबर १९७९ला जेद्दाहून हाजींना घेऊन कराचीला निघालेले पीआयएचे बोइंग ७०७ ताइफजवळ कोसळले, १५६ जण गेले. आग केबिनमध्ये, मागच्या बाजूला लागली होती. निश्चित कारण कधी सापडले नाही. पण चौकशीत एक शक्यता मांडली गेली ती हाजींनी बरोबर घेतलेल्या स्टोव्हची, त्यातून गळलेल्या इंधनाची. त्या काळी हाजी स्टोव्ह, तांदूळ, डाळ सगळे घेऊन जात, आपल्या घरांतूनही जात. कोणाची नियत वाईट नव्हती.

म्हणून विमानतळावर बॅग उघडायला लावली की आपली माणसे जी कुरकुर करतात, ‘दाढी बघून उघडतात’ म्हणतात, ती मला अर्धीच पटते. कधी ते खरे असतेही, आणि तेव्हा बोललेच पाहिजे. पण काडेपेटी, लायटर, चेक-इन बॅगेत कपड्यांखाली दडपलेली पॉवर बँक, हे काढायला लावणारा माणूसही आपल्याच वतीने उंट बांधतो आहे. हजच्या तरबियत शिबिरात एहराम कसा बांधायचा, किती किलो सामान, झमझमचा डबा कुठे द्यायचा हे सगळे सांगतात. तिथेच पंधरा मिनिटे यासाठी द्यावीत असे मी या वर्षी आयोजकांना सुचवले आहे. बॅगेत काय नको आणि का नको. आणि विमानातून उतरायची घाईची वेळ आलीच तर सामान जागीच सोडायचे, खजुराचे पुडे, तसबिह, मुसल्ले, सगळे. त्यांनी ‘बघू’ म्हटले आहे. नाही म्हणाले तर शिबिराच्या दारात उभा राहून एका पानाची पत्रके वाटणार आहे, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी.