कोणती भाषा आधी?

सी भाषा मला भेटली ती यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मधून. वज्रेश्वरीहून अंबाडी नाकामार्गे भिवंडीला कॉलेजला जाताना एसटीत ते पुस्तक मांडीवर असे. नागपूरच्या माणसाचं, म्हणून आपलंच वाटे. लॅबमध्ये टर्बो सीचा निळा स्क्रीन. दहा घरांच्या ॲरेत अकरावी संख्या टाकली तर सी हटकत नाही. शेजारच्या जागेतलं पुसून ती तिथे लिहून टाकते. ते डोळ्यांनी पाहिलं आणि सायबर सुरक्षेची ओढ लागली, ती आजवर सुटलेली नाही.

नोकरीत पायथन आली. सर्व्हरच्या लॉगमधल्या लाखो ओळींतून एकच आयपी पत्ता रात्रभर कुठे कुठे डोकावला, हे शोधायला तिच्याइतकी हाताशी येणारी भाषा नाही. मग एसक्यूएल. लॉगिनच्या चौकटीत नावापुढे एकच एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं. डेटाबेसची एरर परत आली, तर बाहेरून आलेला मजकूर थेट क्वेरीत मिसळतोय असा दाट संशय घ्यायचा. जावास्क्रिप्ट आणि पॉवरशेल कामापुरत्या शिकले.

एप्रिल २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीस आली. ती होती वेबवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये, आणि तेही सीमध्येच लिहिलेलं. सर्व्हरला चार अक्षरं पाठवायची आणि सांगायचं, ‘६४ हजार आहेत, तेवढी परत दे.’ तो न मोजता मेमरीतलं शेजारचं काहीही देऊन टाकी, पासवर्डसुद्धा. जगभर धावपळ उडाली. मला मात्र त्यात कॉलेजातली ती अकरावी संख्याच दिसत होती.

नुसत्या भाषेनं भागत नाही, हेही खरं. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांची बनावट यंत्रणा एटीएमवरच्या मागण्या परस्पर मंजूर करत होती. तिथे एटीएम आणि बँक एकमेकांशी कसं बोलतात, ते ठाऊक असावं लागतं.

यात्रेला गावी गेले की मुलं विचारतात, “ताई, पायथन की सी?” मी म्हणते, पायथनने सुरुवात कर, हातून काहीतरी चालतं झालं की हुरूप येतो. पण वर्षभरात सीकडे वळच. रस्ट ही भाषा मेमरीच्या असल्या चुका बऱ्याचशा आधीच अडवते, नवी कामं तिच्यात व्हावीत असं मला मनापासून वाटतं. तरी लिनक्सचा गाभा मुख्यतः सीतच आहे आणि तो वाचणारी माणसं लागणारच. हार्टब्लीडची दुरुस्ती सर्वांना खुली आहे. लांबी तपासणाऱ्या मोजक्या ओळी. त्या आधी वाच, नाही कळल्या तर संध्याकाळी घरी ये.