परवलीचा शब्द

परवा रात्री कॉलेजने दिलेल्या संगणकाला घरचा प्रिंटर जोडावयास बसलो. तार जोडली, कागद भरले. तोच पडद्यावर प्रशासकाच्या परवलीच्या शब्दाची मागणी उमटली. तो मजजवळ कोठला? तीस वर्षांच्या नोकरीनंतर हा अविश्वास! मन खट्टू झाले. संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाला फोन केला.

"सर, प्रिंटरचा ड्रायव्हर थेट यंत्राच्या गाभाऱ्यात शिरतो. २०२१ साली विंडोजच्या छपाईव्यवस्थेतला 'प्रिंटनाइटमेअर' हा दोष उघडकीस आला. तेव्हापासून ही किल्ली आम्ही कोणालाच देत नाही."

मी निरुत्तर झालो. छापावयाची होती ती प्रश्नपत्रिका. मुलगा माझ्याच वर्गात शिकत असता अशाच प्रश्नपत्रिका मी कपाटात कुलूपबंद ठेवीत असे. त्या कुलपाबद्दल त्याने कधी रुसवा धरला नव्हता.