मायेवर चालणारा धंदा

दुसऱ्याची माया हेच ज्याचे भांडवल, असा एक धंदा १९ व्या शतकात लंडनमध्ये चालत असे. श्रीमंतांचे लाडके कुत्रे पळवायचे, गरीब वस्तीत दडवायचे आणि मग स्वतःच मध्यस्थ बनून 'शोधून देतो' म्हणत मालकाच्या दारी जायचे. टायलर नावाचा इसम या टोळीचा म्होरक्या. १८४५ मध्ये कुत्राचोरीविरुद्ध कायदा झाला, तरी धंदा थांबला नाही. लोक पैसे देतच राहिले.

कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा 'फ्लश' तीनदा चोरीला गेला. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये तो तिसऱ्यांदा गेला, तेव्हा त्यांचे होणारे पती रॉबर्ट ब्राउनिंग यांनी खंडणी देऊ नये, असे बजावले. डाकूंनी मलाच नेले तर काय कराल, असा उलट सवाल एलिझाबेथ यांनी केला. आजारपणामुळे क्वचितच घराबाहेर पडणाऱ्या या बाई घोडागाडीने थेट टायलरच्या वस्तीत गेल्या. शेवटी सहा गिनी मोजल्यावर फ्लश परतला.

आम्ही ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा बहुतेकांना ब्राउनिंगचेच पटले. एक मुलगी मात्र म्हणाली, "त्यांचा कुत्रा थोडाच गेला होता?"

आम्हाला दोघांचेही पटते. म्हणूनच 'तुमचा मुलगा पोलिसांनी पकडलाय, लगेच पैसे पाठवा' असा फोन आला, तर त्या आईला भोळी म्हणू नये. तिला एवढेच सांगावे : आधी मुलाला फोन लावा, घरच्यांना सांगा. घाबरलेल्या माणसाने एकट्याने निर्णय घ्यावा, हीच तर टायलरची इच्छा असते.