चिरा वाया जायचा नाही

तळकोकणातली आमच्या पिढीची घरं जांभ्याची. जोतं जांभ्याचं, भिंती जांभ्याच्या, विहिरीचं बांधकाम जांभ्याचं, खळ्यातलं तुळशीवृंदावन जांभ्याचं, देवळाकडे उतरणारी पाखाडी जांभ्याची, आणि ज्याच्यावरून भाऊबंदांत दोन दोन पावसाळे अबोला चालायचा तो गडगाही जांभ्याचाच. ओटीवर गिलावा नसायचा. त्या उघड्या चिऱ्यांच्या भोकांत आमचं अर्धं बालपण साठवलेलं होतं. चिंचोके तिथे, फुटक्या बांगड्यांच्या काचा तिथे, आजीची वाती करायची काडी तिथे. एखाद्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करायची, आणि आजी म्हणायची, ऱ्हांवदे, तिचाय घर असां.

भात झोडून झालं की खाण सुरू व्हायची. खाण म्हणजे मोठा कारभार नव्हे. ज्याला घर बांधायचं त्याने सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चार गडी घालायचे. वरचा काळपट, कडक कातळ पहारीनं उकलायचा. खाली ओलसर, लाल-पिवळा जांभा लागायचा. टिकावानं चर मारून चिरा सुटा करायचा आणि तिथेच तासायचा. ताजा चिरा खोबऱ्याच्या वडीसारखा कापला जाई. अजून खाली पांढरट चिकट माती लागली की थांबायचं. मृगाच्या आधी चिरे घराकडे आणून रचायचे, कारण पावसाळ्यात खाणीची तळी व्हायची.

आणलेला चिरा लगेच भिंतीत जायचा नाही. आमच्या वाडीतले जुने गवंडी बजावून सांगायचे, "नवो चिरो एक पावसाळो खाऊंदे, मगे भितीत घाला." उघड्यावर पडला की वाऱ्याउन्हानं त्यातली ओल जाते, लोहाची खनिजं घट्ट होतात आणि मऊ चिरा टणक होतो. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या अंगाडिपुरमच्या जांभ्याचा हाच गुण नोंदवला आहे. जांभा घडवलाही पावसानंच. आमच्या छपराच्या नळ्यांतून गळून माजघरात पातेली मांडायला लावायचा तोच पाऊस लाखो वर्षं काळ्या दगडावर कोसळला, त्यातली सिलिका धुऊन घेऊन गेला, आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं.

नळे गावच्या कुंभाराचे. दर उन्हाळ्यात ते परतायचे, वानरांनी फोडलेले बदलायचे. ऐपत आली की मंगळुरी कौलं चढायची. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे पोचली. दुपारी माजघरात उताणं पडून कौलांच्या पोटावरची उलटसुलट अक्षरं लावत बसणं हा आमचा सुट्टीतला उद्योग.

जांभा गरिबाचा आणि राजाचाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी रत्नागिरीत १९१० साली वाडा उभा राहिला, त्यालाही हाच दगड. आमच्याकडे फरक एवढाच की सांध्यात चिखल. ज्यांच्याकडे पैसा त्यांच्याकडे शिंपल्या भाजून केलेला चुना.

आणि चिरा वाया जायचा नाही. कोपरा उडाला तर गडग्याला. दोन तुकडे झाले तर चुलीमागे. कपचे जोत्याच्या भरावाला. भावांच्या वाटण्यांत भांडी मोजायचे तसे चिरेही मोजले जायचे, आणि पणजोबांच्या पडवीतला चिरा पणतूच्या गोठ्यात दिसायचा. त्यामुळेच खाण लहान राहिली. घर एकदाच दगड मागायचं.

आता गोल पात्याची यंत्रं सबंध सडा कापतात, लाल धूळ आंब्याच्या मोहरावर बसते, आणि चिरा ट्रकनं परमुलखात जातो. त्याच सड्यांवर आपल्या पूर्वजांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. ती कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. एका खाणीत असं एखादं चित्र गेलं तर ते कुठल्याच पैशात परत मिळायचं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा कंत्राटदार म्हणाला, डबर म्हणून भरावात टाकू. काकूने पदर खोचला आणि आम्हाला सगळ्यांना कामाला लावलं. अखंड चिरे एकीकडे, तुटके दुसरीकडे. अखंड नव्या जोत्याला गेले. न्हाणीतले धुरानं काळे पडलेले शेजारच्या वहिनींनी गडग्यासाठी मागून नेले, आणि ते बसवताना गडगा वीतभर आमच्या बाजूला सरकला आहे.