कोशाची साडी आणि मॉस्कोचा शरद

भिलाईच्या रिसाली वसाहतीत आश्विन उजाडतो तेव्हा पावसाने धुतलेल्या आभाळाखाली ऊन पुन्हा तापू लागलेले असते. दुपारी सुती पदरही अंगावर जड होतो. अशा वेळी पलंगावर बॅग उघडी टाकून परदेशच्या थंडीचा विचार करीत बसणे सोपे नाही. आपल्याकडे लोकरी कपडे दुकानांत दिसू लागतात ते दिवाळीच्या सुमारास. आणि मॉस्कोचा सोनेरी शरद ऋतू पाहावयाचा, तर घरून निघावे लागते सप्टेंबरच्या अखेरीस.

मॉस्कोच का, असे रिसालीत कोणी विचारणार नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत देशाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले 4 फेब्रुवारी 1959 रोजी. या मैत्रीची खूण म्हणून 1972 साली उभारलेला मैत्रीबाग आजही वसाहतीतील मुलांचे आवडते ठिकाण आहे. येथले कित्येक अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे जाऊन आले. त्यांच्या पिढीस हे शहर कामानिमित्त दिसले. आता त्यांच्या मुली-सुनांना ते निव्वळ हौसेने पाहावेसे वाटते. यांत नवल ते काय?

पण हौसेबरोबर एक धाकधूकही असते. जन्मभर साडी नेसलेल्या गृहिणीस वाटते, आपण तेथे विचित्र तर दिसणार नाही ना? मग कोणी आपले सारे वस्त्रभांडार घरी ठेवून दुसऱ्याचाच पोशाख चढविते, तर कोणी साडीवर मुलाचा जाड स्वेटर ओढून निघते. पहिलीस आरशात स्वतःची ओळख पटत नाही, दुसरीस हुडहुडी सोडीत नाही.

हा पेच नवा नव्हे. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकावयास अमेरिकेस गेल्या. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहतात. तेथील थंडीत ते कसे निभावे? त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली आणि गुजराती पद्धत स्वीकारली. 10 ऑक्टोबर 1885 रोजी फिलाडेल्फियात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लांबूली आणि आपल्या आनंदीबाई अशा तिघी विद्यार्थिनी, प्रत्येक जण आपापल्या देशाच्या वेषात. परक्या शहरातील शरद ऋतूत मराठी स्त्री कशी शोभून दिसते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी ते छायाचित्र जरूर पाहावे.

आता मॉस्कोची रीत ऐका. ऑक्टोबरात तेथे दिवसाही साधारण आठ-नऊ अंशच उष्णता असते, रात्री दोन-तीन. महिना संपण्यापूर्वी बर्फाची पहिली भुरभुर होऊ शकते. मात्र घरे, नाट्यगृहे, संग्रहालये आतून चांगली उबदार ठेवलेली असतात. त्यामुळे दारातून आत शिरताच कोट उतरवून तेथील कोटघरात द्यावयाचा, हा नियमच आहे. बोल्शोई नाट्यगृहात कोट घालून कोणी आसनावर जाऊन बसत नाही. याचा अर्थ असा की, रस्त्यावर लोक पाहतात तो आपला कोट, आणि दिव्यांच्या उजेडात पाहतात ती आपली साडी. म्हणून पैसे खर्चावे ते एकाच गुडघ्याखाली येणाऱ्या, साध्या, गडद रंगाच्या लोकरी कोटावर आणि पाणी न शिरणाऱ्या घोट्यापर्यंतच्या बुटांवर. ही खरेदी इथूनच करून न्यावी. मार्च 2022 पासून परदेशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत.

साडी मात्र विकत घेण्याची गरज नाही, ती आपल्या कपाटातच आहे. छत्तीसगडचा कोसा! अर्जुन आणि ऐन या झाडांच्या पानांवर पोसलेल्या किड्याच्या कोशातून हा धागा निघतो. चांपा येथील हातमागांवर तो विणला जातो. त्याचा न रंगविलेला मूळ रंग मधासारखा, किंचित तांबूस. त्रेत्याकोव्ह चित्रशाळेत लेव्हितान या चित्रकाराचे 1895 सालचे ‘सोनेरी शरद’ हे चित्र आहे. त्यातील पिवळ्या बर्च वृक्षांसमोर कोशाची साडी नेसून उभे राहावे, याहून निराळा शृंगार कशाला हवा? खांद्यावर उबेसाठी काही हवेच असेल, तर पावलोव्हो पोसाद या गावच्या फुलाफुलांच्या लोकरी शाली तेथे मिळतात. मोठ्या फुलांची शाल काठाच्या साडीवर गर्दी करते. कोशावर मात्र खुलते.

परंतु सर्व दिवस साडीचा हट्ट धरू नये, असे मी स्पष्टच सांगते. उद्यानांतून ओल्या पानांवर मैलोगणती हिंडावयाचे त्या दिवशी सलवार किंवा लोकरी पाटलोण बरी. साडीचा घोळ चिखलपाण्यात भिजला की गारठा पोटऱ्यांपर्यंत चढतो. साडी नेसावयाची तेव्हा ती घोट्याच्या किंचित वर ठेवावी आणि परकराखाली अंगासरशी उबदार तुमान घालावी. बाहेरून कोणास कळतही नाही. भूमिगत रेल्वेत विशेष जपावे. पार्क पोबेदी स्थानकाचा सरकता जिना सुमारे 126 मीटर लांब आहे. अशा जिन्यावर निऱ्या एका हाताने उचलून धराव्या, पदर कोटाच्या आत खोचावा. यात संकोच कसला? निरी जिन्याच्या दात्यांत अडकली तर सौंदर्य राहील बाजूला, जिवावरच बेतेल.

आणखी एक बारीक गोष्ट. निघण्यापूर्वी कोटाच्या गळपट्टीला आतून भक्कम कापडी फास शिवून घ्या. कोटघरातील आजीबाई त्याच फासाने कोट खुंटीस अडकवितात. फास नसला तर भाषा न कळताही त्यांची नाराजी बरोबर कळते. फास असला की काउंटरवरून क्रमांकाचा बिल्ला पुढे सरकतो, समोरच मोठा आरसा असतो, आणि पदर सारखा करावयास दोन मिनिटे मिळतात. तो बिल्ला तेवढा आठवणीने पर्समध्ये ठेवावा. कोटाच्या खिशात नव्हे.