आजीचे म्हणणे

"गाडीत कोंदट वास येतो," असे आजी वर्षभर म्हणत होती. इंदूरहून देवासला आत्याकडे जाताना ती खोकायची, काच खाली करायला लावायची. आम्ही भावंडे हसायचो, "आजी, तुला एसी सोसत नाही!" दिवाळीनंतर तिने आमच्यासोबत येणेच सोडले.

गेल्या रविवारी बाबांनी गाडीचे माहितीपुस्तक काढले. केबिन फिल्टर साधारण वर्षातून एकदा बदलावा, असे त्यात होते. आमचा चार वर्षांचा होता! डॅशबोर्डचा खण आम्ही रिकामा केला. त्याच्या दोन्ही कडा आत दाबताच तो खाली झुकला. मागचे झाकण काढून फिल्टर ओढला, तर काळाकुट्ट. घड्यांत अंगणातल्या कडुनिंबाची वाळकी पाने. आम्ही सगळे याच्यातून आलेली हवा घेत होतो. कागदी फिल्टर धुऊन चालत नाही, म्हणून बाबांनी नवा आणला. बाणाची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवून आम्ही तो बसवला. पंधरा मिनिटांत काम झाले.

संध्याकाळी आजीला पुढे बसवून फेरी मारली. थोड्या वेळाने तिनेच काच वर केली. आम्ही तिची माफी मागितली.

ती एवढेच म्हणाली, "मग, देवासला कधी जायचं?"